सातबारा नसलेलं गाव: इबान लांबघरात कुणाचं काय असतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंडोनेशियाच्या पश्चिम कालिमंतान प्रांतात, कापुआस हुलू जिल्ह्यातल्या एका आतल्या इबान (बोर्निओ बेटावरचा एक आदिवासी समाज) गावात जाऊन तिथली जमीन, झाडं आणि घरं कुणाची आहेत याची नोंद करायची आहे. गावात जवळजवळ कुणाकडेच कागद नाहीत. मग मालकी ओळखायची कशी, आणि नोंद करताना काय चुकतं?

आधी एक सवय बाजूला ठेवा. जमीन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गट नंबर, क्षेत्र आणि खातेदाराचं नाव येतं. त्या एका नावाखाली माती, झाड, फळ, विहीर सगळं येतं असं आपण धरून चालतो. इबान गावात ही प्रत्येक गोष्ट वेगळी मोजली जाते. ‘ही जागा कुणाची?’ असं विचारलंत तर हे रान पहिल्यांदा कुणी तोडलं ते सांगतील. ‘हा दुरियन कुणाचा?’ म्हणालात तर ते फळझाड कुणी लावलं ते सांगतील. हक्क मेहनतीतून येतो आणि प्रत्येक मेहनतीचे वारस वेगळे, मुदतही वेगळी. एवढं पक्कं धरून ठेवलंत तर पुढचं सगळं सुटत जाईल.

सुरुवात घरापासून करू. लांबघर म्हणजे खांबांवर उभं असलेलं एकच लांबलचक घर. मुंबईच्या चाळीची सामाईक गॅलरी आठवा. ती बरीच रुंद करा, छपराखाली घ्या, म्हणजे ‘रुआई’ झाली. मागच्या बाजूला प्रत्येक कुटुंबाची खोली, ती ‘बिलिक’. पुढे भात वाळवायचा उघडा मंच, तो ‘तांजू’. वर माळा, तो ‘सादाउ’. तिथे झाडाच्या सालीच्या मोठ्या पिंपांत भात साठवतात. गावाचा आकार सांगताना माणसं नव्हे, दारं मोजतात: इतक्या दारांचं घर. चाळीशी तुलना इथेच संपते, कारण या घराला एक मालक नाही आणि भाडंही नाही. आपापल्या दारासमोरचा रुआईचा आणि तांजूचा तुकडा प्रत्येक कुटुंब स्वतः बांधतं आणि स्वतः दुरुस्त करतं. पण त्यावरून चालायचा, बसायचा, पाहुणा झोपवायचा हक्क सगळ्यांचा असतो.

घरात सगळ्यात किमती काय असेल तर लाकूड. जुने खांब उलिनचे असतात. या लाकडाला तिथे बेलियान म्हणतात. ते पाण्यात टाकलं की बुडतं, वाळवी त्याला सहसा शिवत नाही आणि माणसाच्या आयुष्याहून जास्त टिकतं. छपराच्या जुन्या फळ्याही त्याच लाकडाच्या. लांबघर दुसरीकडे हलवायचं ठरलं तर प्रत्येक बिलिक आपापले खांब आणि फळ्या उतरवून नेतं. म्हणून नोंद करताना ‘घर: पक्कं की कच्चं’ हा रकाना निरुपयोगी आहे. खांब किती, कोणत्या लाकडाचे आणि कुणी कापून आणले हे लिहा. उलिन आता फार दुर्मीळ झालं आहे, त्यामुळे खांबांवरून भावंडांत होणारे वाद खोलीवरच्या वादांपेक्षा जास्त तापतात.

आता वारसा. इथे आपल्याकडचे अंदाज हमखास चुकतात. बिलिक ही एकच अखंड मालमत्ता असते. लग्न झाल्यावर जोडपं नवऱ्याच्या बिलिकमध्ये राहील किंवा बायकोच्या, दोन्ही तितकंच रूढ आहे. जो जिथे राहतो तो तिथला वारस, मुलगा असो वा मुलगी. लग्न करून दुसऱ्या दारात गेलेला मुलगा आपल्या जन्माच्या बिलिकवरचा हक्क सोडतो आणि सासरच्या बिलिकमध्ये पुरा हक्कदार होतो. दत्तक मुलाचा हक्क पोटच्या मुलाइतकाच. दोन विवाहित भावंडं एकाच बिलिकमध्ये राहिली तर पुढेमागे एक वेगळं होतं आणि त्याला वाटणी मिळते. या वाटणीत भाताचं बियाणंही येतं. प्रत्येक बिलिकचा एक पवित्र वाण असतो, ‘पादी पुन’, म्हणजे मूळ भात. त्याच्यासोबत दुय्यम मानाचे वाणही जपलेले असतात. वेगळं होणाऱ्याला त्यातला एखादा वाण मिळतो आणि नव्या दारात तोच मूळ भात होतो. बियाण्याची ही वंशावळ विचारून घ्या. कोणतं दार कोणत्या दारातून फुटलं हे माणसांच्या आठवणीपेक्षा तिच्यावरून अधिक नीट कळतं.

शेत म्हणजे ‘उमाई’. जून-जुलैत झुडपं छाटतात, मग मोठी झाडं पाडतात. चार ते सहा आठवडे वाळू देतात, ऑगस्ट-सप्टेंबरात जाळतात आणि राख पावसाने वाहून जायच्या आत टोकणणी करतात. पुरुष टोकदार काठ्यांनी भोकं पाडत पुढे जातात, मागून बायका त्यात भात सोडतात. एका कुटुंबाचं शेत साधारण एक ते दोन हेक्टरांचं. कापणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, बोटांत धरायच्या छोट्या पात्याने, एकेक लोंबी खुडून. यात सगळ्यात जास्त फसतो तो जाळ. जाळायच्या आधी पाऊस आला तर लाकूड अर्धं जळतं, राख कमी पडते, तणाचं बी जिवंत राहतं आणि डिसेंबरात निंदणीला माणूस पुरत नाही. उलट, जाळ हाताबाहेर गेला आणि शेजारच्या रबराच्या बागेत शिरला तर भरपाई क्षेत्रावर ठरत नाही, जळलेल्या खोडांवर ठरते. म्हणून जाळरेषा आधी साफ करतात, शेजाऱ्याला दिवस सांगून ठेवतात आणि वारा पाहून आग लावतात. कोकणात राब भाजणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. २००९ च्या पर्यावरण कायद्याच्या कलम ६९ नुसार शेतासाठी जाळण्यास बंदी आहे. मात्र स्थानिक वाणासाठी, भोवती जाळरेषा ठेवून, कुटुंबामागे २ हेक्टरांपर्यंत स्थानिक रूढीला सूट आहे. शेताचं मोजमाप कागदावर येत असेल तर हा आकडा लक्षात ठेवा. दोन भावांचं लागून असलेलं शेत एकत्र दाखवलंत तर कागदावर तो गुन्हा ठरू शकतो.

एक-दोन पिकांनंतर शेत सोडतात. त्या जागेला म्हणतात ‘तेमुदा’. याचं भाषांतर ‘पडीक’ असं कधीही करू नका. सरकारी कागदात ही जमीन ‘झोपलेली’ किंवा ‘सोडून दिलेली’ होते आणि कंपनीला द्यायची जमीन शोधणाऱ्याला नेमका तोच शब्द हवा असतो. तेमुदा म्हणजे फेऱ्यात असलेलं शेत. सात-आठ वर्षांपासून वीस वर्षांपर्यंत त्यावर रान वाढतं आणि मग पुन्हा पाळी येते. ज्या बिलिकच्या पूर्वजाने मूळ जंगल तोडलं, त्याला तिथे पुन्हा शेत करायचा पहिला हक्क. दुसऱ्याला एका हंगामासाठी जागा हवी असेल तर तो मागतो, मोबदला नाममात्र असतो आणि सहसा नकार मिळत नाही. अट एकच: मागून घेतलेल्या जागेत झाड लावायचं नाही. भात चालेल, मका चालेल, रबर नाही. कारण भात वर्षाने निघून जातो, पण रबर लावलं की जागा तीस-चाळीस वर्षं अडकते आणि लावणाऱ्याचे वारस उभे राहतात. गेल्या काही वर्षांत कापुआस हुलूत क्रातोम हे झाड पानांसाठी मोठ्या प्रमाणावर लावलं जातं आणि त्याचं उत्पन्न रबरापेक्षा फार लवकर सुरू होतं. त्यामुळे ‘हे तर दोन वर्षांचंच पीक’ असं सांगून उसन्या जागेत क्रातोम लावलं जातं. नियमाने तेही झाडच आहे. नोंद करताना जागा कुणाची आणि त्यावरचं झाड कुणाचं हे दोन रकाने वेगळे असायलाच हवेत.

आणखी एक गोष्ट: तेमुदावरचा हक्क लांबघराच्या हद्दीत राहण्याशी बांधलेला आहे. कुटुंब कायमचं दुसऱ्या लांबघरात गेलं की त्याची तेमुदा सहसा मागे राहिलेल्यांकडे परत येते. फळझाडांचं तसं नसतं.

एक नमुना घेऊ. ओढ्याकडे उतरणारा, हेक्टरभराचा एकच उतार. कडेला एक उंच, पांढुरक्या खोडाचं तापांग झाड, त्यावर आग्या मोहोळं लटकलेली. खाली दाटीत जुने दुरियन आणि तेंगकावांग. मधल्या भागात रबराच्या चिरे दिलेल्या रांगा, त्यांत उगवलेलं रान. वरच्या अंगाला वेत. आपल्या सवयीने पाहिलं तर ही एकाची बाग. तिथल्या हिशेबाने पाहा. दुरियन दाट आहेत आणि पायाखाली फुटक्या मडक्यांचे तुकडे लागतात, म्हणजे इथे कधीकाळी लांबघर होतं. अशा जुन्या वस्तीच्या फळरानाला ‘तेंबावाई’ म्हणतात. तिथलं प्रत्येक झाड लावणाऱ्याच्या नावाने ओळखलं जातं आणि त्याचा हक्क त्याच्या सगळ्या वंशजांकडे जातो, दुसऱ्या दारात किंवा दुसऱ्या नदीवर लग्न करून गेलेल्यांकडेही. चौथ्या पिढीत एका दुरियनला पन्नास हक्कदार असू शकतात. म्हणून ते झाड कुणालाच तोडता येत नाही आणि विकताही येत नाही. फळं पडायच्या दिवसांत हक्कदार रात्रभर झाडाखाली पाल टाकून राहतात, आणि पडलेलं फळ हाती लागेल त्याचं. तेंगकावांगच्या बिया तेलासाठी विकल्या जातात. हे झाड दरवर्षी फळत नाही, पण फळलं की मोठं उत्पन्न देतं, आणि वाटणीचं भांडण होतं ते त्याच वर्षी. रबर एका बिलिकचं आहे, पण चीक काढणारा दुसराच. उत्पन्न निम्मं-निम्मं, किंवा दोन भाग काढणाऱ्याला आणि एक मालकाला. तापांगचा हक्क ज्याने ते प्रथम शोधलं आणि बुंधा साफ करून खूण केली त्याच्या वंशजांचा. जमीन दुसऱ्याची असली तरी ते झाड पाडता येत नाही. शेत जाळताना ते मेलं तर दंड. वेत तिसऱ्याने लावलेला, सात ते दहा वर्षांनी कापायला येणारा. म्हणजे एका हेक्टरात चार-पाच प्रकारचे हक्कदार, आणि मातीचा हक्क असलेला त्यांतला फक्त एक. नकाशावर या उताराभोवती एक रेष ओढून आत एक नाव लिहिलंत तर बाकीच्यांना तुम्ही बेदखल केलंत.

मधाचा विषय निघाला आहे तर जवळच्या दानाउ सेंतारुमच्या तळ्यांचाही उल्लेख हवा. तिथले मलय मच्छीमार आग्या माशीसाठी झाडांत तेंबेसूच्या लाकडाच्या फळ्या तिरक्या बसवतात. तिला ‘तिकुंग’ म्हणतात. प्रत्येक फळीवर मालकाची कोरलेली खूण असते. फळीवर बसलेलं पोळं फळीच्या मालकाचं, मग झाड कुणीही का वाढवलेलं असेना. मालकांचे गट आहेत, त्यांना ‘पेरियाउ’ म्हणतात. दुसऱ्याच्या तिकुंगातला मध काढला तर दंड गटाच्या नियमाने होतो. काढताना पोळ्याचा मधाचा भाग तेवढा कापायचा आणि अंडी-अळ्यांचा भाग राहू द्यायचा. मग त्याच हंगामात माशी पुन्हा मध भरते.

हलवता येण्याजोग्या वस्तूंत मानाच्या म्हणजे चिनी मातीची मोठी रांजणं, पितळी तबकासारखी वाद्यं, ज्यांना गाँग म्हणतात, आणि मणी. हा बिलिकचा वारसा आहे, घरच्यांच्या संमतीशिवाय विकता येत नाही. जुने दंड रांजणांत आणि गाँगात मोजले जात, आता बहुतेक ठिकाणी रक्कम ठरते. अंगावर ड्रॅगन असलेलं प्रत्येक रांजण जुनं नसतं. किनाऱ्यावरच्या सिंगकावांगमध्ये चिनी कुंभारांच्या भट्ट्यांत तशी रांजणं आजही घडवली जातात. टिचकी मारल्यावर बद्द आवाज आला तर तडा आहे असं समजा. नोंदीत किंमत लिहू नका. संख्या, कुणाकडून आलं आणि कोणत्या निमित्ताने, एवढंच लिहा. किमतीची यादी गावाबाहेर गेली की चोर येतात. ‘पुआ कुंबू’ हे विणलेलं कापड मात्र विणणाऱ्या बाईचं. बारतोंडीच्या जातीच्या मुळांचा लाल रंग त्यात वापरतात. ते घरच्या मालमत्तेत धरण्याची चूक पुरुषांशीच बोलणारे हटकून करतात.

बिलिकच्या पलीकडे गावाचं रान. सुंगाई उतिक या इबान गावाने आपल्या जंगलाचे तीन भाग मानले आहेत. ‘कांपुंग तारोह’मध्ये पाणी आणि वन्यजीव यांसाठी काहीच तोडायचं नाही. ‘कांपुंग गालाउ’मधून औषधी, सरपण, होडीसाठी लाकूड असं मोजकंच घ्यायचं. ‘कांपुंग एंदोर केर्जा’ हे कामाचं रान. या गावाला २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं आणि २०२० मध्ये त्याचं ९,४८० हेक्टर रान सरकारने रूढीचं जंगल म्हणून मान्य केलं. मान्यता मिळायला दशकं गेली, कारण कायद्याची बाजू गुंतागुंतीची आहे.

ती बाजू अशी. १९६० च्या मूलभूत जमीन कायद्याने रूढीचे हक्क तत्त्वतः मानले, पण राष्ट्रहिताच्या अधीन ठेवून. १९६७ च्या वन कायद्याखाली आणि पुढे १९९९ च्या कायद्यात रूढीचं जंगल हे सरकारी जंगलच धरलं गेलं. १६ मे २०१३ रोजी घटना न्यायालयाने क्रमांक ३५ च्या निकालात ते वेगळं काढलं: रूढीचं जंगल यापुढे सरकारी जंगल नाही. पण निकालाने हक्क आपोआप हातात येत नाही. जिल्ह्याने समाजाला मान्यता द्यायची, नकाशा तयार करायचा, मंत्रालयाने पडताळणी करून आदेश काढायचा, एवढं सगळं व्हावं लागतं. म्हणून गावात पाऊल ठेवायच्या आधी एक काम करा: सरकारी वनक्षेत्राच्या नकाशावर गावाची जागा पाहा. वनक्षेत्रात असेल तर वैयक्तिक जमीन प्रमाणपत्र मिळणार नाही. मुख्य मार्ग दोन: रूढीचं जंगल, ज्याला मुदत नाही, किंवा सामाजिक वनीकरणाचा परवाना, जो ३५ वर्षांचा असतो. वनक्षेत्राबाहेर असेल तर प्रमाणपत्र मिळू शकतं, पण पाम तेलाची कंपनीही तिथेच येऊ शकते.

कंपनीबद्दल एक गोष्ट गावकऱ्यांना मोठ्याने आणि पुन्हापुन्हा सांगावी लागते. बरेच जण समजतात की आपण जमीन उसनी देतोय, जशी तेमुदा देतो. कंपनीला मिळणारा लागवडीचा हक्क ३५ वर्षांपर्यंतचा, पुढे २५ वर्षांची वाढ. तो देण्यासाठी जमीन आधी सरकारजमा केली जाते. मुदत संपली की ती सरकारकडे राहते, गावाकडे परत येत नाही. ज्या कागदावर सही होते त्यावर ‘सोडून देणे’ हा शब्द आहे का, हे वाचून दाखवा.

आता प्रत्यक्ष नोंद. पहिल्या दिवशी ‘तुआई रुमाह’, म्हणजे लांबघराचा प्रमुख, याच्याशी बोला आणि काम काय आहे ते रात्री रुआईवर सगळ्यांसमोर सांगा. एकट्या सरपंचाची परवानगी पुरत नाही. सरपंच सरकारी साखळीतला; तुआई रुमाह आणि त्याच्या वरचे प्रमुख, पातिह आणि तेमेंगुंग, रूढीच्या साखळीतले. मग दारांची यादी आणि प्रत्येक दाराची वंशावळ तीन पिढ्यांपर्यंत. नावांत सावध राहा. मूल झालं की माणूस त्याच्या नावाने ओळखला जातो, ‘अपाई अमुक’, म्हणजे अमुकचा बाप. आपल्याकडे बंड्याची आई म्हणतात तसं. त्याच माणसाचं ओळखपत्रावर वेगळं नाव, बाप्तिस्म्याचं आणखी वेगळं. तिन्ही नावं एकाच ओळीत लिहिली नाहीत तर यादीत एकाचे तीन मालक होतात.

हद्द चालताना शेजारच्या लांबघराची माणसं सोबत हवीतच. ओढे, कडे, जुनी थडगी, तेंबावाई ह्या खुणा. ओढ्याचं नाव दोन्ही काठांवर वेगळं असू शकतं, दोन्ही लिहा. दाट रानात हातातलं जीपीएस यंत्र दहा मीटर किंवा त्याहून जास्त चुकतं. तेव्हा वळणावर थांबून यंत्रावरचे आकडे बऱ्याच वेळा घ्या आणि सरासरी धरा. दोन्ही गावांच्या सह्यांचा पंचनामा त्याच दिवशी करा. वाद निघाला तर त्या जागी रेष ओढू नका, ‘वादातला पट्टा’ म्हणून रंगवा. घाईने ओढलेली रेष पुढे कागदावर पक्की होते आणि दोन पिढ्या एकमेकांच्या रानातून वेत आणणारे लोक घुसखोर ठरतात.

सरपंचाच्या सहीचं जमिनीचं पत्र हा सगळ्यात मोठा सापळा. ते मालकीचं प्रमाणपत्र नाही, पण विक्रीत वापरलं जातं. एका भावाने तेमुदा आपल्या नावावर असं पत्र करून घेतलं की बिलिकमधल्या इतरांचा हक्क कागदावरून पुसला जातो. बायकोच्या बिलिकची जागा ‘कुटुंबप्रमुख’ म्हणून नवऱ्याच्या नावावर चढते, हेही रोजचंच. पत्र करायचंच असेल तर मजकुरात बिलिकचं नाव, सगळ्या सज्ञान सदस्यांच्या सह्या आणि ‘फळझाडं वगळून’ ही ओळ असू द्या.

वेळ नीट निवडा. कापणीत आणि टोकणणीत कुणीही तुमच्यासाठी बसणार नाही. वंशावळी आणि घरांची नोंद कापणीनंतरच्या सणाच्या, गावाईच्या, आसपास घ्या. तेव्हा दूर गेलेले नातेवाईकही येतात. फळझाडांची नोंद मात्र दुरियन पडायच्या दिवसांतच करा. नदीपलीकडून, शहरातून, सीमेपलीकडच्या, मलेशियातल्या सारावाकमधून हक्कदार स्वतःच झाडाखाली येऊन बसलेले असतात. कंदील घेऊन एका पालाकडून दुसऱ्या पालाकडे जा, झाड कुणी लावलं ते विचारा, आणि शेजारच्या पालातल्या माणसांसमोर ते नाव मोठ्याने वाचून दाखवा. चुकलं असेल तर ते तिथल्या तिथे दुरुस्त करतील.